सेनाचा रिपोर्ट

(घानातलं केटा गाव. रक्ततपासणीच्या एका लहान लॅबमध्ये तिघीजणी लॅपटॉपपुढे: मालकीण अक्पेने, तिची भाची एलिनाम, आणि संगणक दुरुस्त करणारी यायरा.)

एलिनाम : मग लॅबसाठी ती स्वित्झर्लंडवाली ईमेल-सेवा घे. महाग असू दे. मला आजच हवी आहे.

यायरा : घाई नको. जर्मनीवालीही चांगली आहे. दोन्हींत रिपोर्ट कुलूपबंद जातो, कंपनीलासुद्धा वाचता येत नाही. पेशंटला उघडायला एक पासवर्ड लागतो, तेवढा फोनवर सांगायचा.

अक्पेने : म्हणजे शेजारच्या अनलोगा गावच्या म्हाताऱ्यांना मी पासवर्ड शिकवत बसू? अकरा वर्षं आपला मेलचा एकच पत्ता आहे. बोर्डावर रंगवलाय. चालतंय ना?

एलिनाम : चालतंय? आत्या, सेनाचं लग्न मोडलं आणि तू म्हणतेस चालतंय?

अक्पेने : त्यात मेलचा काय दोष? मी सांगते, त्या मोटारसायकलवाल्यावर नजर ठेव. अक्राच्या बसपर्यंत रक्ताच्या नळ्या तोच नेतो.

एलिनाम : त्याला वाचता येत नाही. नळीवर कान लावून ऐकतो का तो?

यायरा : लग्न मोडलं कशानं, ते तरी सांगा मला.

एलिनाम : लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात ना? दोनदा सेना-एडेमचं वाचलं, तिसऱ्यांदा गाळलं. मी तिच्या शेजारी बसले होते. अख्खं चर्च माना वळवून बघत होतं. रक्ताचा रिपोर्ट दिल्यावर नाव का गाळतात हे इथे लहान पोरालाही कळतं.

यायरा : एचआयव्ही? एडेमला माहीत नव्हतं?

एलिनाम : पहिल्या दिवसापासून होतं. गोळ्या सुरू करायला तोच तिला घेऊन गेला. दोघांनी पास्टरना रिपोर्ट दाखवला, दार लावून. पास्टर म्हणाले, मी लावतो लग्न. आणि मग एडेमच्या आईला कळलं. आता तो सीमेपलीकडे लोमेला मामाकडे जाऊन बसलाय, फोन उचलत नाही. आणि सेना भर बाजारात मला म्हणते, रक्त तूच काढलंस, तूच बोललीस. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, यायरा. मला तो चोर हवाय. कुणीतरी आमच्या मेलमध्ये घुसलंय.

यायरा : बघते. काकू, पासवर्ड?

अक्पेने : त्या कॅलेंडरच्या मागे लिहिलाय.

यायरा : भिंतीवर?

एलिनाम : बघ. बघ आता.

यायरा : थांबा. बाहेरून कुणी शिरलेलं दिसत नाही. पण अक्राच्या मोठ्या लॅबकडून येणारा रिपोर्ट इथून आपोआप आणखी एका पत्त्यावर जातोय. तीन वर्षं झाली.

एलिनाम : कुणाच्या पत्त्यावर?

यायरा : विवाह समिती. पुढे तुमच्या चर्चचं नाव आहे.

एलिनाम : आत्या?

अक्पेने : अगं, ते होय. ते तर आपल्याच समितीचं आहे.

एलिनाम : तू केलंस हे?

अक्पेने : दर शनिवारी त्यांचे फोन. अमकीचा निकाल आला का, तमक्याचा आला का. शेवटी समितीचे सचिवच येऊन तो पत्ता जोडून गेले. आणि चर्चला रिपोर्ट दाखवावा लागतोच की.

एलिनाम : ज्याचा त्यानं न्यायचा असतो. पाकिटात घालून. समितीत एडेमची मावशी बसते, ठाऊक आहे ना तुला?

यायरा : आणि नुसते लग्नाचे नाहीत, काकू. सगळेच जातात. कुणाची साखर, कुणाची कावीळ, सगळं.

अक्पेने : सगळे? ते म्हणाले होते, फक्त लग्नाचे.

यायरा : कुणाचं लग्न ठरलंय हे मेलला कसं कळणार?

अक्पेने : पण चर्च म्हणजे बाहेरचं कोण, एलिनाम? माझा नवरा गेला तेव्हा तीन दिवस हीच माणसं माझ्या घरी राबत होती. त्यांच्यापासून मी काय लपवायचं?

एलिनाम : तुझं नको लपवूस. तुझं सगळं त्यांना वाचून दाखव. हे तुझं नव्हतं. पंधरा दिवस बायका मला पाठ दाखवतायत. मी घरी येऊन रडले, तू मला मासे वाढलेस आणि म्हणालीस, देव त्या चोराला बघून घेईल.

अक्पेने : माझ्या डोक्यातच आलं नाही गं. देवाशप्पथ.

एलिनाम : त्याचाच तर राग येतोय मला. मुद्दाम केलं असतंस तर एकदाच भांडले असते.

यायरा : मी ते बंद केलंय. नवं खातं कोणतं उघडू?

एलिनाम : कोणतंही उघड. पासवर्ड मला दे. हिला देऊ नकोस.

अक्पेने : लॅब माझी आहे.

एलिनाम : मग तूच चालव. उद्यापासून रक्त काढायलाही दुसरी कुणी बघ.

अक्पेने : माझा फोन कुठाय?

एलिनाम : समितीला लावतेस? सचिवांना विचारून घे, पुढे काय करू म्हणून.

अक्पेने : त्यांना नंतर. गप्प बस जरा. हॅलो, सेना? अक्पेने बोलतेय, लॅबमधून. ठेवू नकोस गं. एलिनामनं कुणाला काही सांगितलं नाही. तुझा रिपोर्ट माझ्याकडून गेला. हो, माझ्याकडून. फोनवर नको, मी येते तुझ्याकडे. दार उघडशील का?