अण्णाचं विमान आणि आमची जीप

विमानाचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्या अण्णाला दिल्लीला नोकरी लागली. घराण्यातला पहिला विमानप्रवास! मग काय, त्याला सोडायला आमच्या मखमलाबाद गावाहून जीप भरून आई, काका, आम्ही सगळे मुंबईला. आईने दशम्यांचा हा एवढा डबा केलेला.

विमानतळाच्या दारातच अण्णा वैतागला. "आई, दोन तासांत दिल्ली येते! डबा कशाला?"

"एवढ्या लांब चाललास रे," आईने डोळे पुसले. "पोचलास की फोन कर. तोवर मी पाणीसुद्धा घेणार नाही."

डबा आमच्याकडेच राहिला. परत येताना कसारा घाटात ट्रक आडवा झालेला. ना पुढे जाता येतंय, ना मागे. आई आपली देवाचं नाव घेत बसली. शेवटी काकांचा मोबाइल वाजला; त्यांनी तो आईच्या कानाला लावला.

"आई, पोचलो! खोलीवर येऊन जेवलोसुद्धा. तुम्ही घरी ना?"

आईने बाहेर बघितलं. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर रस्त्याकडेला सतरंजी टाकून घोरत होता. ती आधी घटाघटा पाणी प्यायली, मग डब्याचं झाकण काढत म्हणाली,

"अण्णा, पुढच्या वेळी तूच आम्हाला सोडायला ये. लांबचा प्रवास आमचा आहे."