चालवून न पाहता

अश्विनी : आबा, मी म्हणते चालवून पाहाची जरूरच काय? भाऊंनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता ना. गाडी सुरू केली, गियर टाकून दाखवला, हॉर्न वाजवला. मी टोकनबी देऊन टाकलं.

उकंडराव : हॉर्न वाजला म्हनजे गाडी चालते काय पोरी? मी तुहा सासरा रातभर खोकलतो, म्हनून मी उद्या वखर हाकीन काय?

राजकुमार : काका, तुम्ही आधी बसा तर. चहा सांगतला. दुसरबीडच्या या रोडवर बारा वर्षं झाले माह्या धंद्याले. राजकुमारनं इकलेली गाडी माघारी आली, असा एक माणूस दाखवा. ताई हुशार हायत, त्याइनं लगेच ओळखलं. सात सीटर, सिंगल ओनर, मास्तरची गाडी. एकदम मख्खन!

उकंडराव : मास्तरची हाय तं मंग चालवू दे ना. आमची सून इथून त्या लिंबाच्या झाडालोक जाईन अन् येईन. लायसन हाय तिच्याजोळ.

राजकुमार : देली असती काका, पण टाकीत पेट्रोल नाही. गाडी आत-बाहेर कराले पुरते, तेवढंच.

अश्विनी : पंप तर समोरच हाय भाऊ. मी टाकते दोन लिटर.

राजकुमार : तसं पेट्रोलचंबी नाही ताई. इन्शुरन्स संपला तिचा. रोडवर काढली अन् कोणी धरलं, तर मले दंड अन् तुम्हाले ताप.

उकंडराव : आधी पेट्रोल नव्हतं, आता इन्शुरन्स नाही. चहा येईलोक गाडीले चाकंबी नाहीत म्हनशीन तू.

राजकुमार : तुम्ही मजाक लय करता काका! बरं, खरं सांगू? ट्रायल आपल्या इथं बंदच हाय. मांगच्या दिवाळीत एकजण ट्रायलले घेऊन गेला अन् मैलाच्या दगडाले ठोकून आला. तवापासून नियमच केला. ज्याले घ्याची, त्यानं डोळ्यानं पाहून घ्याची.

अश्विनी : आबा, जाऊ द्या ना. सोमवारी कॉलेज उघडते. सहा पोरींच्या घरी जाऊन मी शब्द देला हाय.

उकंडराव : शब्द देला म्हनूनच तं इथं अडून बसलो.

अश्विनी : त्याइचे बाप कसे मानले ते तुम्हाले माहीत हाय. बीबी गावाच्या कॉलेजात अकरावीले नावं घातली, पण सकाळी बस नाही, अन् काळी-पिवळी जीपमधी पोरींले पाठवत नाहीत. पुष्पाबाईच्या छायाले तर घरीच बसवत होते. तिचा बाप म्हणे, बाईमाणूस चालवत असंन तर पाठवतो. सोमवारी गाडी दारात दिसली नाही, तर तो दाखला काढून आणते पाहा.

उकंडराव : अन् दारात दिसली, पन रस्त्यात दगा देला तं? मंग त्या गावात कोनी आपली पोरगी बाईच्या गाडीत बसवनार नाही. आज तुह्या नाही, पुढं कोनाच्याच नाही. हे ध्यानात घे.

राजकुमार : दगा कायचा काका! उलटं मले तर लय बरं वाटलं हे ऐकून. ताई, मलेबी पोरगी हाय. हिमानी, सातवीत हाय. पोरी बसणार त्या गाडीत मी खोट देईन काय? देवाशप्पथ सांगतो.

उकंडराव : देवाले मधात नोको आनू. मी पस्तीस वर्सं बजारात बैलाची दलाली केली, देव एकदाबी तिकडं फिरकला नाही.

राजकुमार : घ्या! मंग तर तुम्ही आपल्याच लायनीतले निघाले.

उकंडराव : त्याच लायनीतला हाय म्हनून बसलो, नाहीतं कवाच उठलो असतो. पान्यात म्हैस अन् बाहेर मोल, हे आमच्याच बजारातलं बोलनं हाय.

राजकुमार : पण बैल वेगळा अन् गाडी वेगळी, काका. गाडीचे काय दात पाहाचे हायत?

उकंडराव : दात मी पाह्यले ना आल्याबरोबर. चारही टायर सारखे घासले, म्हनजे मास्तर सिधा मानूस. खाली तेल सांडेल नाही. दार एका बोटानं लागते. गाडी दिसाले चांगली हाय, मी कुठं नाही म्हनतो? पन उभा हाय तवरोक बैलबी चांगलाच दिसते. खोड जुपल्यावर कळते.

अश्विनी : मंग आता कराचं काय? भाऊ चालवू देत नाहीत, तुम्ही घेऊ देत नाही. मी काय पोरींले खांद्यावर बसवून नेऊ?

उकंडराव : थांब जराशी. राजकुमार, तू चहा पी, थंडा होऊन राह्यला. एक गोष्ट सांगतो तुले. एका साली माह्याजोळ एक पांढरा बैल होता. शिंगं पाहून मानसं थांबत. पन मारका! मले मालूम होतं, घेनाऱ्याले नाही. घेनारा वडनेर भोलजीकडचा बुढा होता. तो म्हने, जुपून पाहातो. मी म्हटलं, आज नाही, त्याच्या खुराले लागलं.

अश्विनी : खोटं?

उकंडराव : चांगलं धडधडीत. खुराले काहीच नव्हतं.

अश्विनी : हे तुम्ही घरात कधी सांगतलं नाही.

उकंडराव : सांगासारखं हाय का ते? बुढा नुसता हासला. म्हने, बरं, नोको जुपू. तुहं पोरगं ते तिथं मातीत खेळून राह्यलं, त्याले बैलाच्या पोटाखालून काढ. तू म्हनशीन त्या भावात घेतो.

राजकुमार : पोटाखालून?

उकंडराव : हाव. रीतच होती ते. बैल गरीब हाय म्हनून दाखवाचं असलं, तं मालक आपलंच लेकरू त्याच्या पोटाखालून काढे. लोकाचं नाही, आपलं.

अश्विनी : मंग? तुम्ही काढलं?

उकंडराव : गोकुळ चार वर्साचा होता तवा.

अश्विनी : म्हणजे आमचे हे?

उकंडराव : तुहाच नवरा. हात धरून नेलं त्याले बैलापर्यंत. गरदीनं जागा करून देली. ते लेकरू खुशीत, त्याले वाटलं खेळ हाय. पन बैलाची खोड मले मालूम होती बाप्पा! तसाच त्याले उचलला, खांद्यावर घेतला अन् सिधा घरी आलो. बैल संध्याकाळलोक तिथंच बांधेल होता. मंग तो मी कोनालेच इकला नाही.

राजकुमार : काका, ते जनावर होतं. ही मशीन हाय.

उकंडराव : म्हनून तं सोपं हाय. आता मी पेट्रोलचं इचारत नाही, इन्शुरन्सचं इचारत नाही. आमच्या सुनेनं चालवून नाही पाहाची? नोको पाहू. तुही हिमानी आता कुठं हाय?

राजकुमार : शाळेत. सुटीनच आता.

उकंडराव : शाळा केवढी दूर?

राजकुमार : गावातच. दोन मिनिटं लागतात.

उकंडराव : मंग गाडी तूच चालव. हिमानीले अन् तिच्या चारपाच मैत्रिणींले बसव, अन् इथं घेऊन ये. पोरी हासत उतरल्या का राहेल रक्कम याच टेबलावर ठेवतो. एक शब्द बोलत नाही.

राजकुमार : पण इन्शुरन्स...

उकंडराव : दोन मिनिटाले कोन धरते तुले? तुहंच गाव हाय.

राजकुमार : नाही, तसं काही नाही. आणतो ना! त्यात काय एवढं? मख्खन गाडी हाय. तुम्ही बसा, मी आत्ता आणतो.

(राजकुमार चावी घेऊन गाडीपर्यंत जातो. दार उघडतो. मागच्या रिकाम्या सीटांकडे पाहतो. मग दार लावून परत येतो.)

अश्विनी : काय झालं भाऊ?

राजकुमार : ताई, ती नका घेऊ.

अश्विनी : काऊन?

राजकुमार : ब्रेक. रिकामी असली का कसेबसे लागतात. माणसं बसले अन् उतार लागला, का पायडल तळाले जाते. मास्तरनं मले सांगूनच इकली होती. मी वरवरचं काम करून घेतलं दोनदा. सारं नवं टाका लागते, ते टाकलं नाही.

अश्विनी : सहा पोरी बसणार हायत, हे मी तुम्हाले फोनवरच सांगतलं होतं.

राजकुमार : हाव.

अश्विनी : छायाचं नाव घेऊन सांगतलं होतं. तिचा बाप काय म्हणाला तेबी सांगतलं होतं.

राजकुमार : हाव ताई. चुकलं माहं.

उकंडराव : बस, पोरी. मानूस कबूल झाला का मंग जास्त नाही ओढाचं.

अश्विनी : थोडं ओढू द्या मले, आबा. तुम्ही तुमचा बैल तर घरी आणला, यानं माह्या हातात देला असता. सोमवारी त्या पोरींले मी काय सांगू?

राजकुमार : काही सांगू नका. सोमवारी गाडी दारात राहीन. ब्रेकचं सारं सामान नवं टाकतो, माह्या खर्चानं. आठ दिवस लागतीन. तवरोक माह्या घरची न्या, तेवढीच मोठी हाय. कागद सारे चोख हायत तिचे.

अश्विनी : अन् ते चांगली, हे कशावरून?

राजकुमार : रोज सकाळी हिमानीले तिच्यातच सोडतो.

उकंडराव : झालं मंग. चाल पोरी, घे अन् निघू.

अश्विनी : नाही आबा. भाऊ, चावी द्या इकडं. आधी मी चालवून पाहाते.