करंजांबद्दल एकमत

मगन: मग लिहा ना ताई, एकमताने मंजूर. नदीकाठची झाडं तोडू नयेत. पंचायतीच्या रेडिओवर शेतकीचे साहेब बोलले, सभेला पटलं, सगळ्यांनी हात वर केले.

रंजना: ते लिहिलं, मगनभाई. पण इकडे येताना धुडकू भेटला. ओट्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. तुमच्याच काठावरचे करंज तोडायचेत म्हणाला.

मगन: हो, आजच. गुऱ्हाळ पेटवायचं शे आणि चिपाडं अजून ओली शेतस. भट्टीला लाकूड नको का?

रंजना: सभेचे अध्यक्ष तुम्ही. पहिला हातही तुमचाच होता.

मगन: तो तापी नदीचा विषय होता. करंज हा घरचा विषय. तुम्ही रनाळ्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पुण्याला शिकायला गेल्या म्हणून एवढंही विसरल्या?

रंजना: विसरले नाही. तेच तपासून अहवालात लिहायला आलेय. रेडिओवरचं बोलणं माणसाबरोबर घरी येतं, की पंचायतीतच बसून राहतं.

जसोदाबाई: ताई, दाराआडूनच बोलते, राग मानू नका. त्यांना विचारा, शेजारच्या भिलाभाऊंनी झाडं तोडून काठ मोकळा केला, मग पुरात त्यांची केळी कुठे गेली?

मगन: ही धाकट्या भावाची बायको. आमच्यात भावजय जेठाशी बोलत नाही, जेठही तिच्याशी बोलत नाही. तिला सांगा, भिलाची जमीनच भुसभुशीत होती.

रंजना: अहो, त्यांनी ऐकलं की.

मगन: ऐकू दे. सांगायचं तुम्ही.

रंजना: जसोदाबाई, भिलाभाऊंची जमीन भुसभुशीत होती म्हणतात.

जसोदाबाई: आणि आपली काय दगडाची शे? विचारा.

रंजना: मगनभाई, आपली...

मगन: समजलं.

रंजना: मी नसते तेव्हा हे कसं चालतं?

जसोदाबाई: म्हशीला सांगते. वैरण टाकता टाकता बोलायचं, ओसरीवर बरोबर ऐकू जातं. पण पटलं नाही की जेठजी म्हणतात, माले वाटलं म्हशीशीच बोलतेय.

मगन: म्हशीने कधी उलट उत्तर दिलं नाही.

रंजना: आज तुम्ही दोघांनी मला म्हशीच्या जागी बांधलंय.

मगन: तुम्ही शिकलेल्या शेतस ताई, जास्त चांगलं सांगाल.

जसोदाबाई: मग हेही सांगा. काठालगतचं केळीचं शेत आमच्या वाट्याचं. करंज गेले तर पुढच्या पुरात तेच पहिलं जाईल. आणि ह्यांचे भाऊ कापूस घेऊन सुरतेला गेलेत. ते घरी असते तर धुडकूला आज बोलावलं असतं का?

रंजना: मगनभाई, हे मी सांगणार नाही.

मगन: तुला काय वाटतं जसोदा, मी त्याच्या मागे त्याचं नुकसान करीन? त्याच काठावर मी त्याला खांद्यावर घेऊन फिरलो. तुझ्या लग्नाच्या आधीपासूनचा भाऊ शे तो मन्हा.

(दाराआडची बांगडी तेवढी वाजते आणि थांबते. मगनभाई आपली टोपी काढून बघतात, जणू चूक तिच्यात आहे.)

जसोदाबाई: ताई, काय म्हणाले ते?

रंजना: ते तुमच्याशीच बोलले. मी काय सांगू?

मगन: तोंडातून गेलं. चुकलं.

जसोदाबाई: चुकू द्या. पण आता माझं बोलणं कानावर आलंच नाही, असं म्हणता येणार नाही.

मगन: नाही. आता नाही म्हणता येत.

रंजना: मग करंजांचं काय?

मगन: काय होणार? भट्टीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळू. दिवसभर एक माणूस नुसता कोंबत बसेल. ताई, तुम्ही मात्र लिहा, रेडिओचं ऐकून मगनभाईंनी झाडं राखली.

रंजना: रेडिओचं ऐकून?

मगन: मग काय भावजयीचं ऐकून लिहिता? उद्या पंचायतीत बसू कुठे मी?

रंजना: घडलं ते लिहावं लागतं, मगनभाई.

मगन: मग गावाचं नाव घालू नका. तापीकाठचं एक गाव, बस. काठावर गावं काय कमी शेतस.

रंजना: ते चालेल.

जसोदाबाई: जेठजी, धुडकू निघाला असेल हो.

मगन: जातो. ताईंना चहा ठेव तोवर.