अर्धंच बिस्कीट

पोटाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता आणि नशिबाने मागच्याच बाकावर एक सासू-सून लहान मुलीला घेऊन बसल्या होत्या.

"अगं, छोटीला अर्धंच बिस्कीट दिलं मी!"

"हो ना आई, म्हणजे पेशींनीही अर्धाच हल्ला केला असेल."

"कसल्या पेशी?"

"शरीराचे पहारेकरी. तिच्या पोटात गव्हाचा कण गेला की शत्रू आला समजून ते आतड्याचीच नासधूस करतात."

"रक्षण करायचं सोडून घरच मोडतात? कसले बिनडोक!"

"हेतू चांगलाच असतो हो त्यांचा."

"माझाही चांगलाच होता. पोरगी वाळून काटकी झालीय."

"तेच तर म्हणतेय मी."

नर्सने हाक मारली, "छोटीबरोबर एकानेच आत या."

"मी जाते," सासूबाई उठल्या. "आणखी काय काय चारलंय, ते तुला कुठं ठाऊक आहे?"