मुंगी चावल्यासारखं

परदेशात सेवेला निघालेल्यांना लस टोचायची रांग होती. बाही वर करून बसलेला सुतार भिंतीवरचं पोस्टर पुन्हा पुन्हा वाचत होता. कान मात्र पुढच्या बाकावरच्या नवराबायकोकडे होते.

“अगं, जन्मभर सुया टोचल्यास. नर्स म्हणून रिटायर झालीस!”

“टोचल्या हो. पण सुईच्या मागच्या बाजूला उभी राहून.”

“आणि ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ म्हणायचीस ते?”

“थाप होती ती. मी मूळची भागूबाई.”

“मग तिकडच्या पोरांना टोचताना काय सांगशील?”

“दुखतं म्हणून सांगेन. आणि हात धरायला लावेन आईला.”

“मग माझा का सोडलास?”

“घाम पुसतेय. बोलावलं बघा, चला.”

आतून किंकाळी आली. मग ती दंड चोळत बाहेर आली आणि मागोमाग नवरा, बोटं झटकत.

“पुढचा नंबर तुमचा ना?” तिने सुताराला विचारलं. “एकटेच आलात?”

“हो. मला नाही भीतीबिती वाटत.”

“मीही घरून हेच म्हणत निघाले होते. यांना घेऊन जा आत. फक्त उजवा हात धरा, डावा कामातून गेलाय.”