साहेबांच्या बादल्या

अहो, आमचे शेठ आगीला भीत नव्हते, फॅक्टरी इन्स्पेक्टरला भ्यायचे! इंग्रजांचा काळ. दोंडाईच्याला त्यांच्या कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून होतो. साहेब येणार म्हटलं की शेठ आगीच्या लाल बादल्या भरून ओळीनं टांगायला लावायचे. एरवी त्या कोरड्याच. वर हुकूम, 'साहेब जाईपर्यंत या पाण्याला कुणी हात लावायचा नाही.'

एकदा साहेब यायच्या दिवशीच कापसाच्या ढिगानं पेट घेतला. सगळे बाहेर पळाले. कापूस ओढणारी जनाक्का तेवढी मागं फिरली आणि एकेक बादली आगीवर ओतत सुटली. तिचे हात भाजले, पण जिन वाचलं.

शेठ धावत आले. मला वाटलं, अक्काचे हात बघतील. ते ओरडले, "अगं, साहेब स्टेशनावर उतरलेत! आता त्यांना दाखवू काय?"

तोवर साहेबांचा टांगा आलाच. "बादल्या रिकाम्या का?"

जनाक्का म्हणाली, "आतेच आग लागनी, साहेब. बठ्ठं पाणी तठेच गयं."

साहेब शांतपणे म्हणाले, "आग लागली, हा एक गुन्हा. बादल्या रिकाम्या, हा दुसरा."

पुढं कितीतरी दिवस अक्काला भाकरी थापता येईना. शेठनी मात्र लगेच आणखी तेवढ्याच बादल्या आणल्या आणि सगळ्यांना बजावलं, "या आगीसाठी, त्या साहेबांसाठी. अदलाबदल नको."

जनाक्कानं विचारलं, "शेठ, आग लागनी आन् साहेब बी उना तं?"

शेठनी बादल्यांच्या दोन्ही ओळींकडे बघितलं. "तर आधी साहेबांना जाऊ द्यायचं," ते म्हणाले.