माथेरानच्या बंगल्याची कौलं

माथेरानचं सांगितलं का तुमाला? आमी मुरबाडचे चौघं इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यात उतरलेलो. मॅनेजरचं सारखं एकच, "हेरिटेज आहे, हात लावू नका!"

सकाळी माकडांनी नेमक्या आमच्याच खोलीवर उड्या मारल्या. कौलं सरकली, वर आभाळ दिसायला लागलं. मॅनेजर म्हणाला, "खोली रिकामी करा. कारागीर खालून नेरळवरून येईल."

घरची कौलं दरवर्षी स्वतः परतणारा आमचा काशिनाथ चहा अर्धा टाकून शिडीवर चढला पण.

"अहो, हेरिटेज आहे ते!" मॅनेजर खालून ओरडतोय. दहा मिनिटांत सगळी कौलं जागच्या जागी!

काशिनाथ खाली उतरल्यावर मॅनेजर म्हणाला, "हेरिटेजचं काम कुठं शिकलात?"

काशिनाथ हात झटकत म्हणाला, "आमच्याकडं याला हेरिटेज नाय म्हणत, साहेब. घर म्हणतात."